श्रावणातला किनारा

देवरेबाई,

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही. तुम्हाला सांगायचा प्रश्न नव्हता, कारण तुम्ही त्या खोलीतच होतात. बाकीच्यांना मात्र सांगता आली असती. माझ्या निवृत्तीच्या समारंभात सांगता आली असती, तुमच्या निवृत्तीच्या समारंभात तर सांगायलाच हवी होती. आपल्या जुन्या मंडळींच्या मेळाव्यात दर वेळी कुणीतरी त्या कोकणातल्या कामाचा विषय काढायचं आणि मी चहा आणायला उठायचो. तुमच्या ते लक्षात यायचं. एकदा म्हणालात, "बसा साहेब, चहा आज मी आणते." त्यात टोमणा होता की दया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या दशक्रियेला तुमच्या यजमानांनी, भास्कररावांनी, मला चार शब्द बोलायला लावलं. घाटावर माइक होता, माणसं बरीच होती, कळवणहून तुमचं सगळं माहेर आलं होतं. मी म्हणालो, "देवरेबाई अभ्यासू होत्या, कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या." मनमिळाऊ म्हटल्यावर तुमच्या धाकट्या बहिणीनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतेय. ती हसत होती. तिचं बरोबरच होतं. तुम्ही मनमिळाऊ कधीच नव्हतात. तुम्ही भांडायचात, आणि बहुतेक वेळा तुमचंच खरं असायचं, त्यामुळे भांडण मिटल्यावरसुद्धा समोरच्याला बरं वाटायचं नाही.

घाटावर जे बोललो ते कुणाच्याही दशक्रियेला चाललं असतं. तुमच्याबद्दल बोलायचं होतं ते हे.

तुम्ही पहिल्यांदा समुद्र बघितलात तेव्हा मी शेजारी उभा होतो. भूशास्त्र शिकलेली, वाळूवर प्रबंध लिहिलेली बाई आणि हिनं समुद्र बघितलेला नाही, याची मला जीपमध्ये बसल्यापासून गंमत वाटत होती. "कळवणला कुठला समुद्र, साहेब," तुम्ही म्हणालात, "आम्हाला गिरणेला पूर आला तरी सुट्टी मिळायची." सुरूच्या बनापाशी जीप थांबली. तुम्ही चपला हातात घेतल्या आणि चालत सुटलात. मी मागून हाक मारली, "बाई, सामान उतरवायचंय." तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

मी पोचलो तेव्हा तुम्ही पाण्याच्या कडेला उकिडव्या बसला होतात. समोर एवढा समुद्र, मावळतीची तिरीप त्यावर पसरलेली, आणि तुम्ही तळहातावरच्या चिमूटभर वाळूकडे बघत होतात. बऱ्याच वेळानं म्हणालात, "गिरणेची वाळू टोचते. ही टोचत नाही. हिला कुणीतरी फार वेळा घासलंय."

माझी तोवर बरीच नोकरी झाली होती. धरणं, कालवे, बंधारे, कुठे किती पाणी येईल आणि कुठे किती मुरेल, याचे हिशेब करण्यात माझा जन्म गेला होता. वाळूचा कण हातात घेऊन त्याचं वय विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी सुचलं. तुमच्याकडून मला मिळालेली पहिली गोष्ट ही, आणि मी तिच्याबद्दलही कधी तुमचे आभार मानले नाहीत.

आपल्या कार्यालयाची लोक थट्टा करायचे. नाशकात बसून समुद्राचं काय करता म्हणे. गंगापूर रोडला माझ्या शेजाऱ्यांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की मी द्राक्षांच्या खात्यात आहे. पण काम खरंच समुद्राचं होतं. कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यांपैकी कुठला समुद्रासमोर किती तग धरेल ते ठरवायचं. प्रत्येक किनाऱ्याचा उतार बघायचा, वाळू जाड की बारीक ते बघायचं, भरती-ओहोटीतलं अंतर, लाटांचा जोर, मागे वाळूची टेकडी आहे की नाही, टेकडीवर मर्यादवेल आणि केवडा आहे की उघडी पडलीय, आणि तिच्या मागे काय आहे, शेत की घरं. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि नकाशावर रंग भरायचा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे इथे काही बांधू नका. गावं त्या रंगांवर भरवसा ठेवणार होती.

मोजायची पद्धत साधी होती. टेकडीच्या मागे खुणेचा दगड पुरायचा आणि तिथून ओहोटीच्या पाण्यापर्यंत सरळ रेषेत उंची घेत जायचं. हे काम आपण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत करायचो. आकाश निवळ असायचं, जीप रुतायची नाही, दौरा मंजूर व्हायला अडचण नसायची. सगळे किनारे असे रुंद, भरलेले, शांत. बघणाऱ्याला वाटावं, हे इथेच होते आणि इथेच राहणार.

तुम्ही दुसऱ्याच दौऱ्यात भांडण काढलंत.

"साहेब, आपण किनारा जेवल्यावर त्याचं वजन करतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे पावसाळ्यात तो उपाशी असतो, तेव्हा करायला पाहिजे. श्रावणात."

"श्रावणात तिकडे जीप जात नाही, बाई. आणि बघायला काय असतं त्या पावसात?"

"तेच बघायचंय ना, काय असतं ते."

मग तुम्ही काठीनं वाळूत रेघा ओढून मला समजावलंत. ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा मला त्याचं नवल वाटलं. पावसाळ्यात लाटा चवताळून येतात तेव्हा किनारा पळत नाही आणि अडून उभाही राहत नाही. तो स्वतःच्या अंगावरची वाळू काढून देतो. लाटा ती ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. मग पुढच्या लाटा त्या बांधावर आपटून लांबच फुटतात. किनारा आपल्याच अंगाची भिंत करून आपल्याला वाचवतो. दिवाळीनंतर समुद्र निवला की लहान लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणून घालतात. दर वर्षी सगळी पुळण, किनाऱ्यावरची सगळी वाळू, अशी पाण्यात जाते आणि परत येते. "पण कधी कधी जाते तेवढी येत नाही," तुम्ही म्हणालात. "आणि ती येत नाही हे उन्हाळ्यात कळत नाही, कारण उन्हाळ्यात सगळेच किनारे गुबगुबीत दिसतात. श्रावणात पुळणीचा सांगाडा दिसतो. बरा की वाईट, ते सांगाड्यावरून कळतं."

मी म्हटलं, बघू. सरकारी नोकरीत बघू म्हणजे काय, ते तुम्हालाही कळत होतं.

एक किनारा तुमच्या मनात बसला होता. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, गावाचा काही दोष नव्हता. मागे मच्छीमारांची वस्ती, पुढे वाळूची टेकडी, तिच्यावर मर्यादवेलीची जांभळी फुलं. टेकडी सपाट करून तिथे मासळी सुकवायला पक्के ओटे आणि होड्यांसाठी शेड बांधायची असं गावाचं चाललं होतं, आणि आपल्या नकाशातल्या रंगाची ते वाट बघत होते. तुम्हाला तिथे काहीतरी खटकत होतं. उन्हाळ्यातल्या मोजमापात ते कुठेच दिसत नव्हतं.

त्या श्रावणात तुम्ही रजा टाकलीत. अर्जात घरगुती कारण लिहिलंत. मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली नाहीत, कारण मागितली असती तर कुठे जाताय ते सांगावं लागलं असतं. भास्करराव नाशिक रोडला प्रेसमध्ये होते, त्यांनाही रजा टाकायला लावलीत आणि दोघं एसटीनं कोकणात उतरलात. कार्यालयाची लेव्हल, उंची मोजायची ती दुर्बीण, नेता येत नव्हती. मग तुम्ही सारख्या उंचीच्या दोन काठ्या घेतल्यात, त्यांच्यावर खुणा केल्यात, दोन्हींमध्ये दोरी बांधलीत. पाऊस थांबून समोरचं उघडलं की समुद्र आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ दिसते. त्या रेघेइतकी सरळ रेघ जगात दुसरी नाही. मागच्या काठीपाशी डोळा लावायचा, पुढच्या काठीचं टोक क्षितिजाला टेकलेलं कुठल्या खुणेवरून दिसतं ते बघायचं, की दोन पावलांतला उतार कळतो. यंत्र लागत नाही. सगळा समुद्रच यंत्र होतो.

हे तुम्ही मला कार्यालयात परत आल्यावर उभ्या उभ्या सांगितलंत. चेहरा उन्हानं नाही, वाऱ्यानं काळवंडलेला. "यांचा हात सारखा हलत होता," तुम्ही म्हणालात. "म्हटलं, अहो, आयुष्यभर नोटा छापल्या, एक काठी सरळ धरता येत नाही का? तर म्हणतात, तिथे वारा नसतो." तुम्ही हसत होतात. मग खाली बसलात आणि म्हणालात, "साहेब, वाळूच्या खाली काळा चिखल उघडा पडलाय. त्यात झाडांची मुळं आहेत. तिवरांची. उभी, जिथल्या तिथे."

मला लगेच कळलं. तिवरं खाडीत वाढतात, लाटांच्या आड, शांत पाण्यात. आज जिथे लाटा फुटतात तिथे ती कधी उगवली असतील तर समुद्र तेव्हा बराच पुढे असला पाहिजे आणि वाळू या दोघांच्या मध्ये. म्हणजे तो किनारा एका जागी उभा नव्हताच. तो चालत होता. जुन्या खाडीच्या अंगावरून, तिच्या झाडांना पोटाखाली घेऊन, पिढ्यान् पिढ्या गावाकडे सरकत होता. आणि गाव त्याच्या वाटेत ओटे बांधायला निघालं होतं.

तुम्ही मोजमापांचा कागद माझ्या टेबलावर ठेवलात.

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. भीती वाटली. त्या एका किनाऱ्यापुरती नाही. तुमचे आकडे घेतले असते तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की बाकीच्या किनाऱ्यांचं काय? ते सगळे आपण त्यांची पोटं भरलेली असताना मोजले होते. सगळा अहवाल पुन्हा करावा लागला असता, आणि तो वरून तीनदा मागून झाला होता. म्हणून मी सरकारी नोकरीत सगळ्यात सोपं असलेलं वाक्य म्हणालो.

"बाई, रजेवर असताना घेतलेली मोजमापं ग्राह्य धरता येत नाहीत."

"वाळूला माहीत नव्हतं मी रजेवर होते ते."

"नियम आहे."

"साहेब, तुम्ही एकदा चला. मी खर्च करते. एकदा बघा आणि मग पाहिजे तो रंग भरा."

मी कागदाची घडी घालून तुमच्या हातात परत दिली. ठेवा तुमच्याकडे म्हटलं. रंग भरायच्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर लाल पेन्सिल धरलीत. मी पिवळी उचलली. तुम्ही चिडलात की अहिराणीवर यायचात, तशा त्या दिवशी आलात. "आते काय सांगू तुमले," म्हणालात, "समुद्र शे तो, कालवा नही." आणि निघून गेलात. तुमच्या टेबलावर लाल पेन्सिल तशीच राहिली.

गावानं टेकडी सपाट केली, वेल उपटला, ओटे बांधले. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्यात एका उधाणाला समुद्र ओट्यांखालची वाळू घेऊन गेला. ओटे मोडून पडले, शेड बसली, दोन होड्यांचे तुकडे झाले. माणूस कुणी गेलं नाही, त्याबद्दल मी आजही हात जोडतो. पण काशीबाई म्हणून एक कोळीण होती, तिचं घर सगळ्यात पुढे होतं. पुढची वाळूच गेल्यावर तिला घर सोडून बहिणीकडे जावं लागलं.

चौकशी लागली. ती खोली तुम्हाला आठवत असेल. लांब टेबल, मधोमध साहेब लोक, मी त्यांच्या उजव्या हाताला, तुम्ही अगदी टोकाला. सरळ प्रश्न आला, "पावसाळ्यातली मोजमापं का नाहीत?"

मी म्हणालो, "क्षेत्रीय मोजमापांची जबाबदारी देवरे मॅडमकडे होती. पावसाळ्यातली मोजमापं त्यांच्याकडून कार्यालयास प्राप्त झाली नाहीत."

त्यातला एकही शब्द कागदावर खोटा ठरला नसता. प्राप्त झाली नाहीत, कारण मीच परत केली होती. आणि तुम्ही तोंड उघडलं असतंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच आला असता, की कुणाच्या परवानगीनं मुख्यालय सोडलंत. रजेच्या अर्जात खोटं कारण का लिहिलंत. हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाबरून तोंडातून गेलं. तसं नव्हतं. मी हिशेब करून बोललो होतो.

मला ठसका लागला. तुम्ही तुमच्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचललात आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवायला शेजारच्याला दिलात. तो हातोहात माझ्यापर्यंत आला. मी प्यालो. बाहेर व्हरांड्यात तुम्ही भेटलात आणि विचारलंत, "घसा बरा आहे का आता, साहेब?" एवढंच.

तुम्हाला समुद्राच्या कामातून काढलं आणि कालव्यांच्या गळतीवर टाकलं. निवृत्त होईपर्यंत तुम्ही गळती मोजलीत. त्यानंतर तुम्ही कोकणात कधीच गेला नाहीत. तुम्ही गप्प का राहिलात हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. आणि तरी तुम्ही माझ्याशी बोलणं का सोडलं नाहीत, हे विचारायचं धैर्य झालं नाही, कारण ते मला अजूनही माहीत नाही.

निवृत्तीनंतर मात्र आपलं खूप भांडण झालं, आणि ते अर्धं राहिलंय. तुम्ही नाशिक रोडहून यायचात, आपण दोघं आणि भास्करराव नदीच्या कडेनं सोमेश्वरपर्यंत चालायचो. तुमचं म्हणणं, डोंगरात जेवढी धरणं तेवढ्या कुठेतरी पुळणी उपाशी.

"पेठ-सुरगाण्याचं पाणी कुठे जातं, साहेब? पश्चिमेला. त्याच्याबरोबर वाळू जायची. ती तुम्ही अडवली. ती वाळू कोर्टात गेली ना, तर तुम्ही हराल."

"वाळू कोर्टात जात नाही, बाई. माणसं जातात, पाणी मागायला. लोकांनी पाणी प्यायचं नाही का?"

"प्या की. पिताना थोडं लाजा."

"आणि गोदावरीचं काय? ती तर तुमच्या समुद्राकडे पाठ करूनच निघते."

"तेच तर. आपली पापं आपण सगळी पूर्वेला पाठवतो."

भास्करराव मागून म्हणायचे, "हळू चाला दोघं, भांडण माझ्यापर्यंत येत नाही." मी हरायला लागलो की शेवटचं हत्यार काढायचो. त्या गावाच्या शेजारचा एक लहानसा किनारा तुम्ही लाल ठरवला होतात, दहा वर्षांत जाईल म्हणाला होतात. तो गेला नाही. उलट फुगला. त्याच्या बाजूच्या खडकामुळे वाळू तिथे अडकते, ते तुमच्या नजरेतून सुटलं होतं. "चुकलात ना तिथे," मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "चुकले. आणि त्याचा मला आनंद आहे." स्वतःची चूक इतक्या सहज हातात घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला ते बघून दर वेळी लाज वाटायची. तरी मी तो विषय काढायचोच.

या वर्षी तुम्ही आजारी पडलात तेव्हा श्रावण लागला होता. मी मुलीला म्हटलं, मला कोकणात जायचंय. ती म्हणाली, "बाबा, या पावसात? बघायला काय असतं तिथे?" माझंच वाक्य. गाडी करून गेलो.

बाई, मी आयुष्यात पहिल्यांदा श्रावणातला किनारा बघितला. ज्याच्यावर नकाशे काढले, रंग भरले, सभांमधून बोललो, तो मी बघितलेलाच नव्हता.

पुळण नव्हती. सुरूचं बन संपतं तिथे जमीन सुरीनं कापल्यासारखी तुटली होती, माझ्या छातीइतकी खोल, आणि त्या कडेला सुरूची मुळं हवेत लोंबत होती. मी बूट काढले. ड्रायव्हरचा हात धरून खाली उतरलो. पायाखाली थंड, गुळगुळीत काळा चिखल लागला, आणि त्यात ती उभी होती. तिवरांचे बुंधे, कमरेपासून खाली राहिलेले, मुळांची बोटं पसरून. लाट यायची, त्यांच्यामधून फिरायची आणि परत जायची. माझ्या आजोबांच्या आजोबांच्याही आधी कधीतरी त्यांच्या फांद्यांवर बगळे बसले असतील. मग एवढी मोठी पुळण त्यांच्यावरून चालत गेली, इतक्या हळू की कुठल्याही पिढीला ती हलताना दिसली नाही. आणि दर श्रावणात काही दिवस ती पांघरूण बाजूला करते आणि दाखवते, मी कुठून आले. दर श्रावणात. कुणी बघायला येवो न येवो.

मी मान वर केली. लांब समुद्रात एक पांढरी रेघ होती. किनाऱ्यापासून एवढ्या अंतरावर लाटा का फुटतायत, हे मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आपली पुळण तिथे होती. पाण्याखाली बसून सगळा मार अंगावर घेत होती. तुम्ही काठीनं वाळूत काढलेल्या रेघा माझ्यासमोर गर्जना करत होत्या. मला बसावंसं वाटलं. त्या चिखलातच एका बुंध्याला धरून बसलो. ड्रायव्हर घाबरला. त्याला वाटलं मला काही झालं. झालंच होतं.

परतताना वस्तीपाशी एक म्हातारी छत्री धरून उभी होती. काशीबाईच होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं.

"तुम्ही नाशिकचे ना? आणि ती बाई नाय आली?"

"कुठली बाई?"

"ती हो, काठ्या घेऊन आलेली. नवरा भिजत होता आणि ही त्याला ओरडत होती. त्या वर्षी श्रावणात. सरकारातून पावसात आलेली तीच एक. मागनं कोण नाय आलं."

मी म्हटलं, आता मी आलोय. ती म्हणाली, "आता काय उपयोग." रागानं नाही म्हणाली. चहा प्यायला चला असंही म्हणाली.

आल्याबरोबर मी तुमच्याकडे दवाखान्यात आलो. तुमच्या नाकाला नळी होती, पण डोळे तसेच, भांडायला तयार. भास्कररावांना तुम्ही खाली चहाला पाठवलंत. मी सांगायला लागलो. तुम्ही एक एक विचारत गेलात.

"चिखल कसा होता?"

"काळा. जरा निळसर."

"वास?"

"खाडीचा."

"मुळं?"

"उभी. जिथल्या तिथे."

"तुम्ही बूट काढलेत?"

"काढले."

तुम्ही डोळे मिटून हसलात. "चला. आमचे साहेब एकदाचे चिखलात उतरले." मला वाटलं झोप लागली. मी म्हणालो, "बाई, मला एक बोलायचंय." तुम्ही डोळे उघडलेत. "बोला."

खोलीत कुणी नव्हतं. फोन वाजला नाही, नर्स आली नाही, तुम्हाला खोकला लागला नाही. मी कुणावरही ढकलू शकत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि वाट बघत होतात, आणि मी म्हणालो, "शेजारचा किनारा अजून आहे. तिथे तुम्ही चुकलात ते चुकलातच."

तुम्ही विचारलंत, "एवढंच ना, साहेब?"

मी म्हणालो, "एवढंच."

काल मी नाशिक रोडला गेलो आणि भास्कररावांना सगळं सांगितलं. ती खोली, तो प्रश्न, माझं उत्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, मला काय सांगता? दुसरी काठी मीच धरली होती ना." आणि चहा ठेवायला उठले. त्यांच्या घरात आता चहा तेच करतात. साखर जास्त पडते.

तुमची मोजमापं बरोबर होती आणि वेळेवर माझ्या टेबलावर आली होती, असं मी कार्यालयाला माझ्या सहीनं कळवलं आहे. तिथे आता आपल्याला ओळखणारं कुणी नाही. त्याचं काय होईल ते होवो. समुद्र एव्हाना निवायला लागला असेल. लहान लाटा पाण्याखालून वाळू उचलून थोडी थोडी परत आणत असतील, जेवढी आणता येईल तेवढी. काळ्या चिखलावर, त्या मुळांवर ती पुन्हा पसरेल आणि बघणाऱ्याला वाटेल, पुळण इथेच होती.

एवढंच नव्हतं, बाई. तुम्ही श्रावणात जाऊन मोजलं होतंत. तो कागद माझ्या हातात आला होता आणि तो मी परत दिला. मग सगळ्यांसमोर म्हणालो की तो आलाच नाही. तुम्हाला बोलता येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तसं बोललो. तुमच्या हातचं पाणी पिऊनसुद्धा गप्प बसलो. तुमचा समुद्र मी तुमच्याकडून काढून घेतला. रंग लालच होता, देवरेबाई. माझं चुकलं. मला माफ करा.